दुसरा टब

तुमचे अनुभव मी इथे नेमाने वाचते आणि मनसोक्त हसते. पिंपळाखालची बाई, घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा... सगळ्यांना मेलं तेच ते दिसतं! मी मुरुडच्या एका हायस्कूलात विज्ञान शिकवते. करणी, दृष्ट, बाहेरची बाधा असलं काही मी घरात बोलूसुद्धा देत नाही. आणि आता माझ्यावरच इथे लिहायची वेळ आलीय, तीही मांजराच्या मुतावरून. हसा, तुमची पाळी आहे.

घर आमचं किनाऱ्यालगत. वर पर्यटकांना द्यायच्या खोल्या, खाली आम्ही तिघं — मी, हे आणि सासूबाई. शिवाय चिंगी, सासूबाईंची मांजर. चांगली थोराड. रस्त्यावरच्या कुत्र्यांमुळे तिला बाहेर सोडत नाही. मागची पडवी जाळी लावून बंद केलीय, तिथे वाळूचा टब ठेवलाय. इतकी वर्षं तक्रार नव्हती. गेल्या पावसाळ्यानंतर मात्र रोज पडवीच्या कोपऱ्यात, पाण्याच्या पिंपाशेजारी थारोळं. वास असा, की वरचे पाहुणे नाकाला रुमाल लावून जिना उतरायचे.

शेजारच्या काकूंनी निदान केलं — जागेवाला रागावलाय, नारळ द्या. म्हणजे जागा राखणारा देव मांजरामार्फत निरोप धाडतो! आणि आमचे हे, डिप्लोमा झालेले, वाडीतला नारळ सोलून तयारच. दिला नारळ. दुसऱ्या दिवशी थारोळं जागच्या जागी. खोबऱ्याची चटणी तेवढी बरी झाली होती.

शेवटी मी चिंगीला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. लघवी तपासली, काही दोष नाही. मग त्यांनी विचारलं, वाळू कुठली? ती यांनी पावसाळा संपल्यावर जवळा सुकवतात तिथून पोतं भरून आणली होती. फुकट मिळते ना! डॉक्टर हसायला लागले. माशाचा वास मारणारी वाळू म्हणजे मांजराला जेवणाचं ताट, ताटात कोण घाण करेल? एवढी अक्कल मांजराला आहे, आमच्या यांना नाही. वाळू बदलली आणि चिंगी त्याच दिवशी टबात बसली. मी काकूंना मुद्दाम हाक मारून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी टबही ओला, कोपराही ओला.

आता यांचं डोकं फिरलं. चिंगीला काशीदला, माझ्या नणंदेकडे धाडायचं ठरलं. सासूबाई बोंबील साफ करता करता म्हणाल्या, "तिनं न्हाय केलं." यांनी कानाआड केलं. तेव्हा सासूबाईंनी आपलीही पिशवी भरली. मांजर जाईल तिथे मी जाईन म्हणाल्या, आणि दोघी एकाच रिक्षातून गेल्या. जिने हे घर उभं केलं ती बाई मांजराच्या मुतापायी लेकीच्या दारात जाऊन बसली. मला यांची शरम वाटली. घर खायला उठलं.

मी पडवी घासून काढली. बाहेरचा एखादा बोका शिरत असेल म्हणून जाळी तपासली, खिडक्या लावल्या, कुलूप घालून आम्ही दोघं कामावर गेलो. परत येऊन बघतो तर थारोळं. ताजं, तोच वास. नणंदेला फोन केला, तर चिंगी तिकडे शहाण्यासारखी टबात जात होती. मग पिंप हलवलं. लादी उखडून नवी बसवली. सुट्टीच्या दिवशी मोबाइल लावून चित्रण केलं. त्यात लादी कोरडी दिसते... मग ओली दिसते. मधे कुणी येत नाही, जात नाही.

हे मुकाट्याने काशीदला गेले आणि दोघींना घेऊन आले. सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली, सरळ पडवीत गेल्या आणि त्या कोपऱ्यात आणखी एक टब मांडून त्यात वाळू भरली.

"आई, हा कुणाला?" मी विचारलं.

"जो कोन हाय त्याला. त्यालाबी जागा नको व्हय?"

एरवी मी फिसकन हसले असते. त्या दिवशी हसू आलं नाही, भीती वाटली.

तेव्हापासून लादी कोरडी आहे. चिंगी फक्त आपल्याच टबात बसते. दुसऱ्याजवळून जायची वेळ आली तर अंग चोरून, कडेकडेने जाते, थोरल्या माणसाला वाट द्यावी तशी. आणि तरी दुसऱ्या टबातली वाळू रोज ओली असते, वरून नीट उकरून झाकलेली.

जागेवाला, आत्मा, मागच्या जन्मीचा बोका — असले खुलासे कृपा करून पाठवू नका, तुमच्या अकलेचा मला अंदाज आहे. खुलासा माझ्याकडेही नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि हे त्या कोपऱ्यात पाऊल टाकत नाहीत, म्हणून शाळेत जाण्याआधी दोन्ही टब मीच साफ करते. दुसरा आधी करते. उगाच कुणाला ताटकळत ठेवायला नको.