सतरा वर्षांची आत्या

कॉम्प्युटरला पहारेकरी हवा, हे बंधुराजांच्या डोक्यात शेजाऱ्यांमुळे आलं. शेजाऱ्यांनी कसलंसं पत्र उघडलं आणि मुलीच्या लग्नाचे फोटो, घराचे कागद, सगळं एका झटक्यात कुलूपबंद झालं. किल्लीसाठी कुणी अनोळखी माणूस पैसे मागू लागला. शेजारी अक्षरशः रडले. बंधुराजांनी त्यांची समजूत घातली, घरी आले आणि दार लावून घेतल्यावर त्यांची स्वतःची पाचावर धारण बसली. मग त्यांनी नेहमीची हाक मारली, "ताई!"

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर वर्षभरात वहिनीचं बाळंतपण निघालं, चार दिवस मदतीला ये म्हणाले, म्हणून ती आली. त्या बाळंतपणातलं बाळ आता दाढी करून नोकरीला जातं आणि तिला 'आत्या' म्हणून ताट मागतं. तिला कुणी "जा" म्हटलं नाही, आणि खरं सांगायचं तर "राहा" असंही कुणी म्हटलं नाही. सकाळी स्वयंपाक, दुपारी जिन्याखालच्या कोपऱ्यात कॉम्प्युटरवर टायपिंग. वकिलांचे अर्ज, विद्यार्थ्यांचे प्रबंध, कुणाच्या आजोबांच्या आठवणी. टायपिंगचे पैसे बंधुराजांच्या खात्यात जमा होत, कारण ताईला वेगळं खातं कशाला हवं, असं एकदा ठरलं होतं. कुणी ठरवलं ते विचारायची गरज नाही.

"चांगलं बघ," बंधुराज म्हणाले, "पण स्वस्त बघ. खिशाला चाट बसता कामा नये."

ताईने आठवडाभर जिवाचा आटापिटा केला. काही अँटिव्हायरस फुकट होते, पण दर थोड्या वेळाने जाहिरात तोंडासमोर नाचवत. काही पहिल्या वर्षी पाण्याच्या भावाने मिळत आणि दुसऱ्या वर्षी न विचारता दुप्पट पैसे कापून घेत. त्या अटीची ओळ अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत असे, पण टायपिंग करणाऱ्या बाईच्या नजरेतून ती सुटते होय? काही इतके अवजड की घरचा म्हातारा कॉम्प्युटर त्यांच्याखाली मान टाकेल. शेवटी ताई म्हणाली, "कॉम्प्युटरबरोबर जे आलंय तेच पुरेसं आहे. ते वेळच्या वेळी अद्ययावत करायचं, अनोळखी पत्र उघडायचं नाही आणि सगळ्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवायची."

हा त्या घरात कित्येक वर्षांत बोलला गेलेला सगळ्यात शहाणा सल्ला होता. बंधुराजांनी तो नाकावरच्या माशीसारखा उडवला. "फुकटचं कधी चांगलं असतं का? विकतचं बघ. स्वस्तातलं विकतचं."

मग 'कुटुंब संरक्षण' नावाची योजना सापडली. दोन मोठ्या माणसांसाठी ठरलेली रक्कम, तिसऱ्या मोठ्या माणसाला जादा शुल्क, आणि मुलं मात्र फुकट. ताई माहिती भरत होती, बंधुराज मागे उभे राहून सांगत होते. मोठी माणसं दोन: ते आणि वहिनी. त्यांचे फोन त्यात गेले; पुतण्याच्या फोनची काळजी त्याचं ऑफिस घेत होतं. उरला घरचा कॉम्प्युटर, म्हणजे ताईचा. तिथे प्रश्न आला, 'हे यंत्र कोण वापरतं?'

"मूल लिही," बंधुराज म्हणाले.

"अरे, पण मी…"

"तुला काय फरक पडतो? पैसे वाचतायत."

जन्मतारीख भरायची होती. ताईने आयुष्यात कधी खोटी तारीख टाइप केली नव्हती, म्हणून दिवस आणि महिना तिने आपला खराच टाकला. वर्षांची यादी मात्र सतराच्या पुढे जाईना. चौपन्न वर्षांची बाई सतराची झाली. पुतण्याला हे कळलं तेव्हा तो जेवता जेवता इतका हसला की त्याला ठसका लागला. "आत्या, कॉलेजला कुठे प्रवेश घेणार?" सगळे हसले. ताईही हसली. त्या घरात आपल्यावरच्या विनोदाला हसणं हेही तिच्याच कामांत मोडत असे.

योजनेबरोबर पासवर्ड ठेवायची तिजोरीही मिळाली होती. बंधुराजांच्या आग्रहाने ताईने आपला ई-मेलचा साधा, लक्षात राहणारा पासवर्ड बदलून यंत्राने सुचवलेला लांबलचक ठेवला. तो कुणाच्या बापालाही पाठ झाला नसता. तिजोरीची किल्ली पालकांकडे, म्हणजे बंधुराजांच्या फोनमध्ये.

हे सगळं चाललं असताना ताईच्या पोटात एक गुपित होतं. दुसऱ्या गावातल्या मुलींच्या वसतिगृहाला व्यवस्थापक बाई हवी होती. पत्रव्यवहार सांभाळणारी, टायपिंग येणारी. पगार आणि राहायला खोली. ताईने अर्ज केला होता. त्यांचं उत्तरही आलं होतं: 'आपली निवड झाली आहे. महिनाअखेरपर्यंत होकार कळवावा.' खोलीला खिडकी आहे, असंही त्या भल्या बाईने लिहिलं होतं. ताईने ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. घरी कसं सांगावं हे मात्र तिला सुचत नव्हतं, म्हणून ती एकेक दिवस पुढे ढकलत राहिली.

पहिला साप्ताहिक अहवाल बंधुराजांच्या फोनवर रात्रीच्या जेवणाच्या वेळी आला. असा काही अहवाल येतो हे ताईला माहीत नव्हतं. बंधुराजांनी चष्मा लावला आणि बातम्या देणाऱ्याच्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

"या आठवड्यात तुमच्या मुलाने शोधलेल्या गोष्टी. एक: वसतिगृहात राहून नोकरी करताना सोबत काय न्यावं. दोन: स्वतःच्या नावाने बँक खातं कसं उघडावं. तीन…" इथे ते थांबले, सगळ्यांकडे पाहून घेतलं आणि सावकाश म्हणाले, "एकट्या माणसाला किती भांडी लागतात?"

पुतण्याने टेबलावर हात आपटला. "किती लागतात, आत्या?"

वहिनी हसली नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं. "वन्सं," ती म्हणाली, "आम्ही तुम्हाला काय कमी केलं होतं? लोक म्हणतील, नणंदेला घराबाहेर काढलं. माझे गुडघे हे असे. तुम्हाला भांडी मोजायला सुचतात?"

ताईच्या हातात डाव होता. तिने तो पातेल्यात ठेवला. लाजेने तिचे कान तापले होते. चोरी पकडली गेल्यासारखी लाज, आणि चोरी तर तिने केलीच नव्हती. "मला महिनाअखेरपर्यंत वसतिगृहाला कळवायचंय," ती कशीबशी म्हणाली.

"कळवू की आपण."

"काय?"

"की आमची ताई अजून लहान आहे," बंधुराज म्हणाले, आणि त्यांनी फोनवर दोन-तीन ठिकाणी बोट टेकवलं.

दुसऱ्या दुपारी ताईने आपलं ई-मेलचं टपाल उघडायला घेतलं तर पडद्यावर एक हसरं अस्वल आलं. 'ही जागा तुझ्यासाठी नाही. पालकांची परवानगी घे.' टायपिंगचं तेवढं चालू होतं. ते बंद करण्याइतके बंधुराज खुळे नव्हते. वसतिगृहाचा पत्ता, तिथला फोन नंबर, सगळं त्या पत्रात, आणि पत्र अस्वलाच्या मागे. बाहेर दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरवर जाऊन उघडावं, तर पासवर्ड तिजोरीत. तिने स्वतः बसवलेला पहारा होता. एकही फट ठेवली नव्हती.

मग एका दुपारी अस्वलाने फुगा हातात धरून सांगितलं, 'तुझा वाढदिवस जवळ आला! अठरा पूर्ण झाल्यावर तुझ्यावरची बंधनं उठतील.'

ताई पडद्याकडे बघतच राहिली. तारीख महिनाअखेरच्या आतली होती. तिचा वाढदिवस घरात कुणाच्या लक्षात नव्हता, तिनेही कधी आठवण करून दिली नव्हती. लक्षात ठेवला तो या अस्वलाने. त्यानंतर तिने अवाक्षर काढलं नाही. पुतण्याचे टोमणे ऐकून घेतले, वहिनीचे गुडघे चेपले. भांडी घासताना ती गुणगुणू लागली तेव्हा वहिनीच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण विचारणार काय? आनंदाचा अहवाल अजून फोनवर येत नव्हता.

वाढदिवसाच्या दिवशी ओटा आवरून ती जिन्याखाली जाऊन बसली. पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडला, अस्वल नाहीसं झालं आणि अक्षरं आली: 'अभिनंदन! आता तुम्ही सज्ञान आहात.'

तुम्ही. कालपर्यंत यंत्र तिला अरे-तुरे करत होतं. वहिनीचं टोचणारं 'तुम्ही' ऐकून ऐकून ताईने त्या शब्दाची धास्ती घेतली होती, पण हे 'तुम्ही' निराळं होतं. तिला हुंदका आला, आणि तो तिने आवरला नाही.

टपाल उघडलं. पत्र जागेवर होतं. उत्तरादाखल 'मी येते' एवढं लिहिलं असतं तरी काम झालं असतं. पण जन्म गेला दुसऱ्यांचे अर्ज टाइप करण्यात; तिने तारीख घातली, मायना घातला, विषय लिहिला. 'रुजू होण्यास तयार आहे' असं लिहिलं, मग ते खोडून 'आनंदाने तयार आहे' केलं, मग 'आनंदाने' शोभतं की नाही याचा विचार करत बसली. तेवढ्यात पलीकडच्या खोलीत फोन वाजला.

चपला फटफटवत बंधुराज आले. "हे काय गं? 'तुमचं मूल सज्ञान झालं. जादा शुल्क भरा.' अगं ए, या इकडे! आपली ताई अठराची झाली!"

वहिनी आली, पुतण्या आला. जिन्याखालच्या कोपऱ्यात तिघं मावत नव्हती, तरी मावली.

"आज खरंच माझा वाढदिवस आहे," ताई म्हणाली.

पुतण्याने फोनवरची तारीख पाहिली. मग वहिनी म्हणाली, "अगंबाई! आधी सांगायचं नाही का, वन्सं? काहीतरी गोड केलं असतंत."

"जादा पैसे कशाला भरायचे?" बंधुराज म्हणाले. "वय कमी कर. आणि सतरा नको, पुन्हा वर्षाने हीच कटकट. सगळ्यात लहान किती आहे? सहा? सहा कर. बारा वर्षं बघायला नको."

पत्र पूर्ण झालं होतं. 'पाठवा' हे बटण समोर होतं आणि ताईचा हात माउसवर होता. एक बोट दाबायचं होतं. जगातल्या कुठल्याही अँटिव्हायरसने, कुठल्याही भावाने ते परत आणलं नसतं. पण ज्या घरात तिने खिडकी उघडायलाही विचारलं होतं, त्याच घरात ती बसली होती. तिने मान वर केली आणि विचारलं, "आधी हे एवढं पत्र पाठवू का?"

विचारलं तिने. आज यंत्रानेसुद्धा जिला विचारायला सांगितलं नव्हतं, तिने आपण होऊन विचारलं.

"कसलं पत्र?" बंधुराज वाकले. तिच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी ते पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत नीट वाचलं. "छान लिहिलंयस," ते म्हणाले. "एक चूक नाही. आता आधी वय."

ताईने जन्मतारखेचा रकाना उघडला. दिवस तोच, महिना तोच. वर्ष बदललं. बोटं तिचीच होती, आणि ती जराही अडखळली नाहीत. पत्र मिटलं, पडदा पिवळा झाला आणि एक बदक पंख हलवत आलं. 'बाळा, आज आपण काय शिकायचं?'

बंधुराजांच्या फोनवर टिंग वाजलं. "कुटुंब सुरक्षित," त्यांनी वाचून दाखवलं. पुतण्याने टाळ्या वाजवल्या.

"चला, आता करा काहीतरी गोड," वहिनी म्हणाली.

ताई उठली, खुर्ची आत सरकवली आणि डब्यात साखर किती उरलीय ते बघायला गेली.