डिस्कची तब्येत विचारताना

पुण्यातली नोकरी सोडून मी संग्रामपूरला आईकडे राहायला आले, तेव्हा माझ्या हातात एकच काम होतं आणि ते मला नीट कळत नव्हतं. फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरची मदतपानं मराठीत लिहिणारा एक गट आहे. त्यांनी मला डिस्कच्या तब्येतीची पानं दिली होती. कॉम्प्युटरमधली प्रत्येक डिस्क स्वतःबद्दल काही आकडे जपून ठेवते. किती तास चालली, किती तापली, कुठे वाचताना अडखळली. काळ्या पडद्यावर एक आज्ञा टाइप केली की ती हे सगळं ओळीने सांगून टाकते. कोणती आज्ञा द्यायची आणि आलेल्या उत्तराचा अर्थ काय लावायचा, हे साध्या मराठीत लिहायचं, एवढंच काम.

आज्ञा लिहून झाल्या. अर्थाशी येऊन मी अडले. माझ्या लॅपटॉपला विचारलं की तो म्हणायचा, सगळं ठीक. पुन्हा विचारलं तरी तेच. बिघडलेली डिस्क मी जन्मात पाहिली नव्हती आणि बिघाड कसा ओळखायचा हे लोकांना सांगायला बसले होते.

"काऊन डोकं धरून बसून राह्यली?" आईने विचारलं.

"मला खराब डिस्क पाहिजेत. बघायला."

"मंग मामाकडे जाय ना. तो काहीच फेकत नाही. समदं भंगार सांभाळून ठेवलं त्यानं."

आईचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा, दुसरबीडला फोटो स्टुडिओ चालवतो. लग्नं, वाढदिवस, आणि जयंतीच्या दिवसांत गावोगावच्या गायन पार्ट्यांचे कार्यक्रम तो शूट करतो. संग्रामपूरहून दुसरबीड म्हणजे जिल्ह्याचं एक टोक ते दुसरं टोक. खामगावला एस. टी. बदलली, मेहकरला बदलली, आणि सुलतानपूरच्या पुढे गेल्यावर शेजारच्या बाईने विचारलं, "दुसरबीडले कोणाकडे?" मी सांगितलं, डिस्क बघायला चालले. तिने मान हलवली आणि ती खिडकीबाहेर बघू लागली. माझं उत्तर मलाच विचित्र वाटलं.

मामाने शटरच्या आतल्या फळीवरून एक पुठ्ठ्याचा खोका काढला. त्यात जुन्या डिस्क दाटीवाटीने भरलेल्या. काहींवर पांढरी पट्टी चिकटवून त्याने गावांची नावं लिहिली होती.

पहिली डिस्क मी यूएसबीच्या डबीत घालून लॅपटॉपला लावली आणि आज्ञा दिली. उत्तर आलं, हे यंत्र मला ओळखता येत नाही.

"मेली का?" मामाने विचारलं.

"नाही. मधली ही डबी माझा प्रश्न तिच्यापर्यंत पोचवत नाहीये."

आज्ञेत एक जास्तीचा शब्द घातला की डबी प्रश्न पुढे ढकलते, हे मी वाचलं होतं. घातला, आणि खरंच आकड्यांचा तक्ता धडाधड पडद्यावर उतरला. मला इतका आनंद झाला की मी मामालाही वाकून बघायला लावलं. ती माझी चूक झाली. मामाला इंग्रजी बेताचं येतं, पण त्या तक्त्यात एका उभ्या रांगेत कुठे 'ओल्ड एज' आणि कुठे 'प्री-फेल' लिहिलेलं त्याला बरोबर दिसलं.

"म्हातारी झाली म्हणे. अन् हे फेल व्हायच्या आधीचं."

"तसं नाही मामा. ते त्या त्या आकड्याचा प्रकार सांगतात. हा आकडा वयाशी जोडलेला, तो आकडा बिघाडाशी जोडलेला. आज ती तशी झाली आहे असं नाही."

त्याला पटलं नाही. कपाटातून त्याने गेल्याच आठवड्यात खामगावहून आणलेली नवीकोरी डिस्क काढली. मी तिलाही विचारलं. तिच्याही तक्त्यात ओल्ड एज, प्री-फेल, सगळं जसंच्या तसं.

"हे पाय! नवी असून म्हातारी!" मामा खुर्चीत बसला. "मंग तसं काऊन लिहत नाही ते, की हा फक्त प्रकार आहे म्हणून?"

"तेच मला लिहायचंय," मी म्हटलं. पण मराठीत नेमकं कसं, ते तोपर्यंत मला सुचलेलं नव्हतं.

दुपारी जेवून आम्ही पुन्हा बसलो तेव्हा एक उंच, वाळका माणूस दारात येऊन उभा राहिला. गळ्याभोवती उन्हातही सुती उपरणं गुंडाळलेलं. मामा ताडकन उठला, "जय भीम, या या," म्हणत त्याने खुर्ची पुढे केली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "अख्ख्या तालुक्यात यायच्यासारखा गळा नव्हता. यायची पार्टी उभी राह्यली की समोरची पार्टी पाणी प्यायले जाय."

गायक हसले. बोलायला लागले तेव्हा मला कळलं की त्यांना आवाज नाही. घशाचं ऑपरेशन झालं होतं. नुसती हवा यायची शब्दांच्या आकाराची, आणि ती ऐकायला पुढे वाकावं लागायचं.

"तुमच्याकडे त्या जयंतीचं शूटिंग आहे ना? आमच्या सामन्याचं?"

"असंल. काऊन?"

"मले माझाच आवाज आठवत नाही आता," ते म्हणाले. "पोरगी म्हणते, असा होता, तसा होता. मले काही आठवत नाही."

मामा खोक्यातल्या डिस्क उलटसुलट करू लागला. त्या कार्यक्रमाची पट्टी ज्या डिस्कवर निघाली, ती जोडल्यावर आतून टक टक असा आवाज येत होता. आम्ही तिघेही ऐकत राहिलो.

मी आज्ञा दिली. सगळ्यात वर लिहून आलं, तब्येतीची चाचणी: पास.

"पास झाली!" मामा म्हणाला.

पण खाली एका ओळीत, वाचता न आलेल्या आणि निकाल बाकी असलेल्या डिस्कवरच्या जागांचा आकडा शून्य नव्हता. आणि त्याच्याही वर दुसऱ्या एका ओळीत एवढा प्रचंड आकडा होता की तो वाचताना मी दोनदा चुकले. मी वाचलं होतं त्याप्रमाणे काही कंपन्यांच्या डिस्कमध्ये तो प्रचंड आकडा निरुपद्रवी असतो आणि हा छोटा आकडाच काळजीचा. म्हणजे मोठ्याला घाबरायचं नाही, छोट्याला घाबरायचं, आणि वर लिहिलेल्या पासवर विश्वास ठेवायचा की नाही ते माहीत नाही.

"चांगली हाय का खराब, एवढं सांग ना पोरी," मामा म्हणाला.

गायक माझ्याकडे बघत होते.

डिस्कला स्वतःची सखोल तपासणी करायला लावणारी एक आज्ञा असते. ती द्यावी का? पण डिस्क अशक्त असेल तर त्या तपासणीतच तिचा जीव जायचा. मी बाहेर जाऊन आमच्या गटाच्या संपादक ताईंना पुण्याला फोन लावला.

"अगं, मदतपानात काय लिहिलंय ते बघ ना," त्या म्हणाल्या.

"ताई, मदतपान मीच लिहितेय."

"मग इंग्रजी पानात?"

"त्यात लिहिलंय की उत्पादकाला विचारा."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि त्यांना दुसरा फोन आला.

मी आत आले आणि जे मला खात्रीने करता येत होतं तेच केलं. "मामा, चांगली की खराब ते मला माहीत नाही. आधी सगळं नव्या डिस्कवर उतरवून घेऊ. मग विचारू."

उतरवायला संध्याकाळ झाली. मध्येच एका लग्नाच्या फोल्डरपाशी गाडी थांबली. डिस्क टकटकत राहिली, पडद्यावरचा आकडा हलेना. मामाने देवाला केला नसेल असा नमस्कार त्या डिस्कला केला. बऱ्याच वेळाने ती आपणहून सुटली आणि पुढे गेली. संपल्यावर मी पुन्हा आज्ञा दिली, तर तो काळजीचा छोटा आकडा शून्य.

"बरी झाली?" मामाने विचारलं.

मी मोबाईलवर शोधलं. अडखळलेली जागा पुढे कधी नीट वाचता आली तर डिस्क ती मोजणीतून काढून टाकते. म्हणजे दुखणं होतं, आणि आता त्याची खूणही नव्हती. जी मला दुपारी रोगी दिसली होती, ती संध्याकाळी जोडणाऱ्याला ठणठणीत दिसली असती. याला बरं होणं म्हणायचं का?

मामाने नव्या डिस्कवरून व्हिडिओ लावला. मंडपाचे दिवे, निळे झेंडे, मागे ढोलकी. काळे केस असलेले गायक माईकसमोर उभे राहिले आणि त्यांनी पहिली ओळ उचलली. मी आवाजाबद्दल काय लिहू? मामाच्या जुन्या स्पीकरमधूनही स्टुडिओच्या काचा थरथरायच्या तेवढ्या बाकी होत्या. शेजारी बसलेले गायक पडद्याकडे न बघता जमिनीकडे बघत होते आणि त्यांचा हात मांडीवर ठेका धरत होता.

तिसऱ्या कडव्यात आवाज एकदम गेला. चित्र चालू, तोंड हलतंय, टाळ्या पडतायत, पण आवाज नाही.

"गेलं!" मामा ओरडला. "खाल्लं डिस्कनं!"

मी उतरवल्याची नोंद तपासली. या फाईलमध्ये कुठे चूक नव्हती, अडखळणं नव्हतं. मग आवाज गेला कुठे?

गायकांनी माझ्या दंडाला हात लावला. मी वाकले.

"वायर," ते म्हणाले. "माईकची वायर कोणाच्या तरी पायात अडकून निघाली होती तवा. कॅमेऱ्यातही आवाज तिच्यातूनच जाय. मी तसंच गायलो. मागच्या लोकायलेही ऐकू गेलं."

"मले तर आठवत नाही," मामा म्हणाला.

"तुम्ही कॅमेऱ्यात होते. मी गाण्यात होतो."

पडद्यावर कोणीतरी वाकून वायर जोडली, आणि आवाज मधूनच परत आला. गायकांनी तेवढा बिनआवाजाचा तुकडा पुन्हा लावायला सांगितला. आम्ही पुन्हा लावला. पडद्यावरचे ओठ आणि खुर्चीतले ओठ एकाच वेळी हलत होते आणि दोन्हीकडे आवाज नव्हता. मला बाहेर जावंसं वाटलं, पण मी बसून राहिले. तो तुकडा संपल्यावर ते मला म्हणाले, "हे कडवं मले पाठ हाय. काळजी नाही." जाताना त्यांनी सगळं पेन ड्राइव्हवर भरून घेतलं.

महिन्याभराने मामाचा फोन आला. नवी डिस्क मेली होती. दुपारी चालू होती, चहा पिऊन आला तर बंद. तिला मी विचारलं होतं तेव्हा तिचे काळजीचे सगळे आकडे शून्य होते आणि वर पास लिहिलेलं होतं. त्यानेही माझं ऐकून अधूनमधून आज्ञा देऊन पाहिली होती. शेवटपर्यंत ती पासच म्हणत राहिली.

"अन् जुनी?" मी विचारलं.

"जुनी चालू हाय ना. तिच्यावरूनच आता परत उतरवून राह्यलो. या खेपेले दोन ठिकाणी."

त्या दिवशी मी मदतपान पुन्हा उघडलं आणि पहिल्याच परिच्छेदात लिहिलं: 'पास' असे उत्तर आले तरी डिस्क उद्या बंद पडू शकते. आकडे वाईट दिसले तरी ती वर्षानुवर्षे चालू शकते. आज्ञा देण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत काढावी.

संपादक ताईंनी समासात विचारलं, मग वाचकाने ही आज्ञा द्यायचीच कशाला?

प्रश्न बरोबर होता. मी दोन दिवस उत्तर शोधलं. विचारल्याने निदान शंका येते आणि शंका आली की माणूस प्रत काढतो, असं काहीसं लिहून पाठवलं. त्यांनी ते मान्य केलं की कंटाळून सोडून दिलं, ते मला आजही माहीत नाही. पान तसंच प्रसिद्ध झालं.