हिरोच्या तोंडावर बॉल

"हिरोच्या तोंडावर बॉल आपटतो, म्हणून चित्र नामंजूर," कदम सरांनी मेल वाचून दाखवला. तेव्हा मशीनचं निम्मं काम झालेलं होतं.

चाकणला सरांचं छोटं युनिट आहे. तिथे आम्ही गेम झोनसाठी पिनबॉल मशीन बनवतो. मी डिझाइन बघते. काचेखाली उतरता फळा, त्यावर धावणारा स्टीलचा बॉल, आणि तो खाली पडू नये म्हणून बटण दाबून हलवायचे दोन दांडके, म्हणजे फ्लिपर. खेळ एवढाच. वर चित्रं, दिवे, आवाज चढवून जी गोष्ट रचतात ती थीम. गाजलेल्या सिनेमाची थीम हवी तर त्याच्या मालकांकडून लायसन्स घ्यावं लागतं. स्वतःच्या डोक्यातून काढली तर ती ओरिजिनल.

हे मशीन लायसन्सचं होतं. गायकवाड मॅडम आयटीतली नोकरी सोडून रावेतला गेम झोन काढत होत्या आणि त्यांना सिनेमाच हवा होता. लायसन्स मिळालं, पण प्रत्येक चित्र सिनेमाच्या मालकांकडून मंजूर करून घ्यायची अट होती. आम्ही हिरोचा चेहरा मधोमध घेतला होता, तो कोपऱ्यात सरकवला. मग दुसरी हरकत आली. खेळणारा हरला तरी हिरो हरल्यासारखा वाटता कामा नये. आता पिनबॉलमध्ये शेवटी प्रत्येकाचा बॉल पडतोच. त्याला मी काय करणार?

उद्घाटन जवळ आलं. मॅडम युनिटवर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, की त्या जागी कार रेसिंगचा तयार गेम घेते, तुमची ऑर्डर राहू दे.

मी म्हटलं, "मॅडम, मंजुरी येईल तेव्हा येईल. तोवर दुसरं मशीन देते. आपली थीम. सिटी बस."

"बस? लोक बसमधून उतरून येणार आणि पुन्हा बसच खेळणार?"

मी एक आठवडा मागितला. त्यांनी नाइलाजाने दिला.

युनिटमध्ये एका मशीनचा रिकामा सांगाडा तयार होता, त्यावर आम्ही कामाला लागलो. बॉल ज्या उंच वळणावरून जातो त्या रॅम्पचा फ्लायओव्हर झाला. एकदम तीन बॉल सुटतात त्याला मल्टिबॉल म्हणतात. त्याचं नाव मी ठेवलं 'शिफ्ट सुटली'. अडलं ते कंडक्टरच्या आवाजावर. स्टुडिओतून करून आणलेला आवाज बातम्या दिल्यासारखा वाटत होता. आमच्या वायरिंगच्या सुनीताताई मूळच्या मावळातल्या. एका दुपारी त्या डबा खाता खाता कंडक्टरची नक्कल करायला लागल्या आणि सगळं युनिट हसायला लागलं. मी त्यांना हात धुवायला लावून सरळ स्टोअर रूममध्ये नेलं आणि रेकॉर्डिंग केलं.

आठवड्याने मॅडम खांद्याला पर्स तशीच ठेवून मशीनपुढे उभ्या राहिल्या. पहिला बॉल लगेच पडला. आतून सुनीताताई म्हणाल्या, "उतरा आता, बस पुढं जात न्हाई."

मॅडम हसल्या. लगेच दुसरा बॉल सोडला. "पुढं सरका, पुढं लई जागा हाय." तिसऱ्या बॉलला त्यांनी पर्स काढून टेबलावर ठेवली. कदम सरांनी मला खुणेनं चहा सांगायला लावला. चहा आला, गार झाला. तरी त्या खेळतच होत्या.

"हेच लावा," शेवटी त्या म्हणाल्या. "आणि ह्या बाईंना उद्घाटनाला घेऊन या."

सुनीताताई नवी साडी नेसून आल्या. स्वतःच्या आवाजापुढे उभ्या राहून त्यांनी तीनही बॉल घालवले.

सिनेमाच्या मशीनला पुढे मंजुरी मिळाली. आता दोन्ही मशीन शेजारी शेजारी आहेत. दारावर हिरोचं पोस्टर बघून लोक आत येतात, त्याच्या मशीनजवळ फोटो काढतात आणि बसच्या रांगेत उभे राहतात. मॅडमना दोन्ही लागतात. मी एवढंच शिकले, की गिऱ्हाईक ओळखीच्या चेहऱ्यामुळे येतं. ते दुसऱ्यांदा बटण दाबेल की नाही, हे मात्र कुठल्याच लायसन्समध्ये लिहिलेलं नसतं.