खुडूक कोंबड्यांची शिफ्ट

हसण्याचे किस्से माझ्या लक्षात राहत नाहीत. रागाचे राहतात. एक सांगायला घेतला की मागचा पुढच्याला ढकलत दारात येऊन उभा राहतो आणि आमच्या ह्यांना जेवायला उशीर होतो. आता ऐकायला बसलाच आहात तर ऐका, पण मध्येच 'शांत हो गं' म्हणू नका. मला शांत करायला आलेलं माणूस आजवर धड घरी गेलेलं नाही!

आम्ही तिघी. मी सुमन, माहेर पेणचं, लग्न होऊन इकडे निडीच्या जवळच्या एका वाडीत आले. शेजारी हिरा. तिच्या पलीकडे भागी. भागी खाडीकडची, मिठागरवाल्यांची लेक, बोलली की रोह्यापर्यंत ऐकू जावं असा आवाज. तिघींची परसं मागून एकमेकींना लागून आहेत, मधे कुंपण नाही. कुठली कोंबडी कुणाची हे संध्याकाळी त्या खुराड्यात शिरल्यावरच कळतं.

हिराचं परस एकदा बघाच. मोरीचं पाणी जातं तिथे अळू, मांडवावर दुधी, वांगी, मिरच्या, कढीपत्ता, थंडीत वाल. अर्ध्या आळीची भाजी तिथून जाते आणि फुकट जाते. नवरा गेल्यावर ही बाई त्या परसाच्या जिवावर उभी राहिली. पण हिराला एक रोग आहे. कुणी काहीही करा, ती म्हणणार, "असू दे गो." या तीन शब्दांनी माझं अर्धं रक्त आटवलंय.

आणि तेच परस तिचा मुलगा प्रशांत सिमेंटखाली घालायला निघाला होता! ते सांगतेच. पण आधी हिरा काय चीज आहे ते कळू दे, नाहीतर मी उगाच ओरडते असं वाटेल तुम्हाला.

*

रस्त्यापलीकडे एक बंगला झालाय. शनिवार-रविवारचे मालक. कुत्रा वासराएवढा. एका रविवारी त्याने हिराची तांबडी कोंबडी धरली, आमच्या डोळ्यांदेखत.

दुपारी बंगलेवाले साहेब हिराच्या दारात. मला वाटलं, माफी मागायला आले. साहेब म्हणतात, "अहो, तुमच्या कोंबडीची पिसं आमच्या ब्रूनोच्या घशात अडकली. डॉक्टरकडे न्यावं लागलं त्याला. कोंबड्या जरा बांधून ठेवत चला!"

बांधून! कोंबड्या!

मी तोंड उघडणार, तेवढ्यात हिराने काय विचारावं? "आता बरा हाय ना कुत्रा?"

"हो, आता खातोय थोडं थोडं."

"मग दुसरी देऊ काय?" भागी तिच्या परसातून ओरडली.

साहेब तरातरा निघून गेले. मी हिराला दंडाला धरून हलवली. "अगो, तुझी अंडी घालणारी कोंबडी गेली!"

"असू दे गो. मुकं जनावर हाय."

मुकं कसलं! कुत्रा भुंकत होता, मालक बोलत होता, मुकी एकटी हिराच होती.

*

मग ती परसबाग स्पर्धा. कुठल्याशा ऑफिसातून एक माणूस फोटो काढायला आला. हिरा सकाळपासून झाडलोट करून, ठेवणीतली हिरवी साडी नेसून वांग्यांच्या शेजारी उभी. माणूस म्हणतो, "मावशी, जरा बाजूला व्हा, सावली पडतेय."

झाली ही बाजूला! आणि त्याच्याबरोबर गाडीतून आलेल्या एका पुढाऱ्याच्या बायकोला तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही या ना इथे." मॅडम आल्या, वांग्याला हात लावला, हसल्या, गेल्या.

पुढे नाक्यावर हा एवढा बोर्ड लागला. वांगी हिराची, दुधी हिराचा आणि मधोमध मॅडम, उत्कृष्ट परसबाग म्हणून! मी हिराला ओढत तिथे नेलं, म्हटलं आता तरी पेटेल. ती बोर्डाकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "वांगी मात्र झ्याक दिसतात गो."

मी तिथल्या तिथे डोक्याला हात लावला. भागीने डोक्याला हात लावला नाही. तिने दुसऱ्या दिवशी आपली शेळी त्या बोर्डाच्या खांबाला बांधली. शेळीने मॅडमची साडी कमरेपर्यंत खाल्ली. वांग्यांना तोंड लावलं नाही, हे मी स्वतः जाऊन बघितलं.

*

आणि पाहुणे! थंडीत पोपटी खायला सगळ्यांना आम्ही आठवतो. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, वर भांबुर्ड्याचा पाला कोंबायचा, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ घालायचा. शेंगा हिराच्या, अंडी हिराची, कोंबडी हिराची, पाहुणे माझ्या नणंदेकडचे.

त्यातली एक बाई खुर्चीवर बसून म्हणाली, "किती निवांत आयुष्य आहे हो तुमचं! कोंबड्या, बाग, मैत्रिणी. वाटतं, सगळं सोडून इथेच यावं."

निवांत! पहाटेपासून कंबर सरळ केली नव्हती मी. मी काही बोलायच्या आत भागीने तिच्या हातात झाडू दिला. "या की! आजपास्नंच या. ते खुराडं झाडून घ्या, तवर मी जाळ बघते."

सगळे हसले. भागी हसली नाही. ती कमरेवर हात ठेवून तिथेच उभी राहिली. शेवटी त्या बाईने खरंच खुराडं झाडलं, नाकाला रुमाल बांधून! जाताना हिराने तिच्या पिशवीत आणखी शेंगा भरल्या, तेव्हा मला हिराचा राग आला की त्या बाईचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

*

आता प्रशांत.

प्रशांत वाईट पोर नाही, हीच तर पंचाईत आहे. वाईट असता तर मी कधीच उभा सोलला असता. धाटावला कंपनीत कंत्राटावर आहे, शिफ्ट करतो, बाईकवर जातो-येतो. एका दुपारी पहिली शिफ्ट संपवून आला आणि सरळ वांग्यांच्या वाफ्यातून दोरी बांधायला लागला.

"इथे तीन खोल्या. बाथरूम अटॅच. कंपनीतली पोरं भाड्याने घ्यायला तयार हायत."

हिराच्या हातात सूप, त्यात कोंबड्यांना टाकायच्या कण्या. ती एवढंच म्हणाली, "आणि कोंबड्या?"

"आये, कोंबड्या कशाला हव्यात? दर रविवारी चिकन आणीन की मी! साफ करून, तुकडे करून!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे मेल्या, ती काय फक्त खायला पाळते काय? आणि भाजी? नि तिने दिवसभर करायचं काय, तुझ्या अटॅच बाथरूममध्ये बसायचं?"

"काकी, तुम्ही मधी पडू नका. तुमचं परस ऱ्हातंय ना?"

मी हिराकडे बघितलं. "असू दे गो," ती म्हणाली. "त्याला कंपनीवाले पर्मनंट करत नायत. त्याचं पण बरोबर हाय." आणि कण्या तशाच सुपात ठेवून आत गेली. कोंबड्या दारापर्यंत तिच्या मागे गेल्या.

मी घरी येऊन कपडे असे आपटले की ह्यांच्या शर्टाची बटणं गेली.

*

पावसाआधी पाया भरायचा म्हणून उन्हाळ्यात जेसीबी आला. मांडवाखाली टोपलीत हिराची काळी कोंबडी अंड्यांवर बसली होती.

आमच्याकडे बाकी काहीही मोडतील, पण एक गोष्ट कुणी मोडत नाही. बसलेली कोंबडी उठवायची नाही. तिची टोपली हलवायची नाही, जवळपास खणायचं नाही, कुटायचं नाही. पिल्लं निघेपर्यंत ती जागा तिची. भागीच्या लग्नात अशाच एका कोंबडीपायी मांडवाची मेढ सरकवली होती. तो मांडव कलता झाला, आणि पुढे संसारात जे जे वाकडं गेलं त्याचं खापर भागीचा नवरा त्या कोंबडीवर फोडतो.

प्रशांतने टोपलीत डोकावून बघितलं. काळी अंग फुलवून गुरगुरली. त्याने मान खाजवली आणि ड्रायव्हरला म्हणाला, "बसलीय रे. पिल्लं निघाली की सांगतो." ड्रायव्हर इकडचाच. त्याने मशीन मागे घेतलं, तेही हळू, कोंबडी दचकू नये म्हणून.

ते बघितलं आणि माझं डोकं चाललं. राग आला की माझं डोकं फार चांगलं चालतं.

कोंबडी अंड्यांवर तीन आठवडे बसते. तोवर माझी पांढरी खुडूक झाली. खुडूक म्हणजे अंडी घालायचं सोडून नुसतं बसायचं म्हणते ती. अशी कोंबडी एकमेकींना उबवायला द्यायची पद्धतच आहे आमच्यात. काळीची पिल्लं निघाली त्या सकाळी मी माझी पांढरी नेली आणि त्याच टोपलीत, त्याच जागी, नव्या अंड्यांवर बसवली.

"अगो, कशाला?" हिरा म्हणाली.

"तू गप बस!"

प्रशांत मोबाईलवर दिवस मोजून आला. टोपलीत बघतो तर कोंबडी बसलेली! "आये, ही काळी होती ना?"

भागीने डोळ्याची पापणी हलवली नाही. "पिल्लं काढून काढून पांढरी पडली रे बिचारी!"

पांढरी उठायच्या आत भागीची कोंबडी तयार. भागी आळीभर सांगत सुटली, "पोरगा धाटावला शिफ्ट करतो, आमच्या कोंबड्या परसात करतात. रिलीव्हर आल्याबिगर सुट्टी नाय!" मग वरच्या आळीतल्या बायका पदराखाली कोंबड्या घेऊन यायला लागल्या. "आमची पण खुडूक झालीय, घ्या."

प्रशांत काय खुळा नव्हता. दोन बोटांनी टोपली उचलून बाजूला ठेवता आली असती त्याला. शिफ्टवरून यायचा, टोपलीसमोर उभा राहून डोळे वटारायचा. कोंबडीही वटारायची. मग माझ्यावर यायचा. "काकी, हे डोकं तुमचं हाय!"

"व्हय! माझंच! उठव की मग!"

नाही उठवली. एका दुपारी तर कडकडीत ऊन, आणि हा आम्हाला शिव्या घालत घालत टोपलीवर सावलीला गोणपाट बांधत होता! माझा राग अर्धवट राहिला. त्याचा मला अजून राग येतो.

*

आणि मग खुडूक कोंबड्या संपल्या.

मृग तोंडावर आला होता. शेवटचीची पिल्लं निघाली आणि आळीत एक कोंबडी बसायला तयार नाही. भागी पार निडीपर्यंत तंगडतोड करून आली. "सगळ्या मेल्या अंडी घालत सुटल्यात गो! एक पण खुडूक नाय!"

प्रशांतने रिकामी टोपली उचलली, आतला पेंढा झटकला, टोपली ओटीवर नेऊन ठेवली. फोन केला. मशीन आलं.

मला जेवढं येतं तेवढं सगळं मी बोलून घेतलं त्या दिवशी. प्रशांतला, ड्रायव्हरला, कंपनीला, त्या तीन खोल्यांत राहायला येणाऱ्या पोरांना, ज्यांचं मी तोंडही बघितलं नव्हतं. हिरा आत तांदूळ धूत होती. मी दारातून ओरडले, "हिरे, बोल काहीतरी! तुझं परस जातंय! आज जर गप बसलीस तर परत तुझ्या दारात पाय ठेवणार नाय मी!"

तिने तांदळातलं पाणी निथळलं. भांडं चुलीवर ठेवलं.

मशीन मागच्या वाटेने आत आलं. वांग्यांची पहिली ओळ चाकाखाली गेली, कडकड आवाज झाला. ड्रायव्हरने बकेट वर उचलली.

तेव्हा हिरा बाहेर आली. पदराला हात पुसले. माझ्याकडे बघितलं नाही, प्रशांतकडे बघितलं नाही. मांडवाखाली गेली आणि पेंढा सांडला होता तिथे बसली. साडी गुडघ्यांखाली नीट सारखी करून, ऐसपैस.

भागीचं तोंड उघडं आणि आवाज नाही, असं मी पहिल्यांदा बघितलं.

"आये, काय करतेस? ऊठ."

हिरा समोर बघत बसली.

"आये, लोक बघतात. मशीन खोळंबलंय. ऊठ ना!" त्याचा आवाज चढला. "काय हाय तिथं? एक अंडं तरी हाय काय?"

हिराने मान वर केली. एवढ्या वर्षांत तिचे असे डोळे मी बघितले नव्हते. ती म्हणाली, "तू पोटात होतास तवा याच घरात मला कुणी बसल्या जागेवरनं उठवलं नव्हतं."

ड्रायव्हरने मशीन बंद केलं. खिडकीतून वाकून म्हणाला, "दादा, काय करायचं?"

प्रशांत पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभा राहिला. मी शिव्या विसरले. मग वर न बघताच तो ड्रायव्हरला म्हणाला, "जा तू. ती उठंल तवा फोन करतो."