बिनकुलपाचं कपाट

माझ्या मुलीची लहानपणची पुस्तकं मी वर्षानुवर्षं जपली. ती परदेशात रमली, तिच्या मुलांना मराठी वाचता येत नाही, तरी मी त्यातलं एकही पुस्तक कुणाला दिलं नाही. दिलेलं पुस्तक परत येत नाही, हे मी बँकेतल्या नोकरीत शिकले. सहकाऱ्यांनी नेलेल्या कादंबऱ्या अजून यायच्यात. पण निवृत्तीनंतर नुसती धूळ पुसायचा कंटाळा आला आणि एका मैत्रिणीनं शनिशिंगणापूरजवळच्या वस्तीवरची शाळा सुचवली. मी नगरहून टेम्पोत पुस्तकं घातली, सोबत लोखंडी कपाट आणि भलंमोठं कुलूप.

कपाट पाहून गुरुजी खूश झाले. कुलूप पाहून मात्र अवघडले. "म्याडम, तेवढं घेऊन जा. आमच्याकडं घराला दार न्हाई, मंग पोरांच्या पुस्तकाला कुलूप कशाला?"

ही पद्धत मला ठाऊक होती, कुणाला नसते? देवळाजवळच्या दुकानांना आता शटरं आलीत, पण वस्तीवर अजून चौकटीला पडदाच असतो. तरी ऐकून माहीत असणं वेगळं आणि आपली जपलेली वस्तू तिथं उघड्यावर ठेवणं वेगळं. मी तणतणत कुलूप पिशवीत टाकलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेच्या पहिल्याच दिवशी पुन्हा गेले. कपाट सताड उघडं, आत एकही पुस्तक नाही. "झालं ना माझं म्हणणं खरं?" मी गुरुजींवर आवाज चढवला.

ते हसले. "चला, दावतो."

पहिल्या घराशी त्यांनी बाहेरून हाक दिली आणि पडदा सारला. भांड्यांच्या फळीवर, डब्यांना टेकून, माझी पुस्तकं. पुढच्या घरात देव्हाऱ्याशेजारी आणखी काही. सुट्टीत शाळा बंद राहणार म्हणून पोरांनी ती घरोघर वाटून ठेवली होती. हवं ते पुस्तक ज्या घरी असेल तिथं जायचं, वाचायचं, तिथंच ठेवायचं. घरात कुणी नसलं तरी. कुठलं पुस्तक कुठं, हे शेंबड्या पोरालाही पाठ. कांदे निवडत बसलेली एक बाई मला म्हणाली, "आमच्याकडं वाघाचं हाय. पोरं सारखी येत्यात वाचाया, मंग मीबी ऐकते." माझा सगळा जन्म तिजोरीच्या किल्ल्या सांभाळण्यात गेला.

तरी मन कुठं ऐकतंय! माझ्या लेकीनं लहानपणी रंगीत खडूनं आपलं नाव गिरवलेलं एक पुस्तक होतं, त्यात माझा सगळा जीव. माझ्या लेकीचं नाव लिहिलेलं पुस्तक कुठं आहे, मी विचारलं. तिसरीतल्या एका मुलीनं माझा हात धरला आणि थेट आपल्या घरी नेलं. पुस्तकाची उसवलेली पानं कुणीतरी गोधडीच्या दोऱ्यानं शिवली होती. नाव तसंच होतं, वेडंवाकडं. मी त्यावरून बोट फिरवत बसले. पुस्तक हातातून सोडवेना.

त्या पोरीनं थोडी वाट पाहिली. मग म्हणाली, "आजी, तुमच्या लेकीला वाचायचंय का? मंग न्या की. वाचून झालं की आनून ठेवा."

माझी लेक चाळिशीची आहे. मी पुस्तक त्या मुलीच्या हातात दिलं.

"तिचं वाचून झालंय गं," एवढंच मला म्हणता आलं.