रविवारची पेटी

मी साक्ष फार छान द्यायचे. यावर आमच्या चर्चच्या मंडळीत सगळ्यांचं एकमत होतं. साक्ष म्हणजे उपासनेच्या मध्ये उभं राहून, प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायचं. बाकीच्या बायका पदराशी चाळा करत आजारपणं आणि मुलांच्या परीक्षा सांगायच्या आणि घाईघाईने खाली बसायच्या. माझं तसं नव्हतं. आवाज कुठे खाली आणला की मागच्या बाकांवर रुमाल बाहेर निघतात हे मला नेमकं ठाऊक होतं. आज त्या साक्षी आठवल्या की अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

सगळं सुरू झालं ते पप्पांच्या पेटीवरून. पप्पा कारखान्यात फिटर होते आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे. आठवडाभर ग्रीसमध्ये बुडालेली बोटं रविवारी सकाळी ते लिंबाच्या फोडीने घासून साफ करत. मग पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं, आणि नवाच्या उपासनेला साडेआठलाच हजर. पन्नाशी उलटल्यावर त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात वाचला, पण भाता ओढायचा डावा गेला. ते हॉस्पिटलात असताना मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून देवाशी बोलले. पप्पांना जगू दे, रविवारची पेटी माझ्या हातून कधी चुकणार नाही, असं म्हणाले. पेटी मला त्यांनीच शिकवली होती.

पप्पा जगले. काठी टेकत का होईना, चालायला लागले. ते पहिल्यांदा चर्चमध्ये आले त्या रविवारी मी उभी राहिले आणि व्हरांड्यात दिलेला शब्द सगळ्यांपुढे सांगितला. आमच्यात साक्षीत बोललेलं मागे घेता येत नाही. तसा नियम कुठे लिहिलेला नाही, पण ऐकणारे विसरत नाहीत. त्या दिवशी पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, माझा हात पेटीवर ठेवून प्रार्थना केली. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि मला वाटलं, माझं आयुष्य मार्गी लागलं.

पुढे मी कॉम्प्युटरचा कोर्स केला. पुण्यात तेव्हा गल्लीबोळांत असे क्लास निघाले होते आणि अमेरिकेला माणसं कमी पडत होती, त्यामुळे माझ्यासारखीलाही नोकरी मिळाली. आमचा ग्राहक म्हणजे तिकडची एक बँक. आठवडाभराचे सगळे हिशेब त्यांची यंत्रं शनिवारी रात्री जुळवायची, आणि त्यांची शनिवारची रात्र म्हणजे आपली रविवारची सकाळ. नऊ ते बारा कुणीतरी स्क्रीनसमोर बसून लक्ष ठेवायचं. काही अडलं तर सोडवायचं, नाही अडलं तर चहा प्यायचा. हे काम येणाऱ्या आम्ही दोघीच होतो.

दुसरी होती ती माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, यवतमाळकडची. पुण्यात तिचं कुणी नव्हतं. गुलटेकडीला मार्केट यार्डाच्या मागे एका खोलीत तिघींबरोबर राहायची. नवरा गावाकडेच नोकरीला आणि काही महिन्यांची मुलगी आजीकडे. इथे जम बसला की मुलीला घेऊन येणार, असं ती पहिल्या दिवशी म्हणाली होती. काम तिला मी शिकवलं आणि ती मला ताई म्हणायला लागली.

साहेबांनी सांगितलं होतं की रविवार आलटूनपालटून करा. मी त्यांच्याकडे जाऊन माझ्या शब्दाचं सांगितलं. साहेब सदाशिव पेठेतले. चष्म्यावरून पाहत म्हणाले, "असं का? मग आपल्या देवाला एकदा विचारा, अमेरिकेच्या वेळेवर भेटता येतं का म्हणावं." मग ते म्हणाले, "मला रविवारी खुर्चीत माणूस लागतो. कुणाचा देव आणि कुणाची खुर्ची, ते तुम्ही आपसात बघा."

आम्ही आपसात बघितलं. म्हणजे मी तिला विचारलं आणि ती हो म्हणाली. पहिल्या महिन्यात एक रविवार, मग दोन, मग सगळेच. त्या बदल्यात दिवाळीतलं तिचं काम मी करायचे आणि त्याचं मला फार कौतुक होतं. मुलीला भेटायला ती दोन-तीन महिन्यांनी जायची. तिच्या गावची गाडी बराच वेळ घ्यायची. ती सोमवारी निघून शनिवारी परत यायची, का तर माझा रविवार हुकू नये. हे तिने मला कधी बोलून दाखवलं नाही. रजेचे अर्ज माझ्या समोरून जायचे, तारखा मला दिसायच्या.

साक्षीत मात्र मी वेगळंच सांगायचे. अमेरिकेची कंपनी, रविवारचं काम, साहेबांचा टोमणा, आणि तरीही प्रभूने माझा एकही रविवार जाऊ दिला नाही. तो विश्वासू आहे, त्याने माझ्यासाठी वाट काढली. रुमाल निघायचे. त्या वाटेला नाव होतं, गाव होतं, एक लेकरू होतं, हे साक्षीत कधी आलं नाही. मी मुद्दाम लपवलं असं नाही. तिचं नाव घेतलं असतं तर देवाचं श्रेय कमी झालं असतं असं मला खरोखर वाटायचं. चूक अशीही करता येते, आणि ती आमच्यासारख्या माणसांनाच जमते.

एकदा तिने माझी साक्ष ऐकली. त्या रविवारी अमेरिकेत कसलीशी सुट्टी होती, काम नव्हतं, आणि आमचा कापणीचा सण होता. आमच्या मंडळीत शेत कुणालाच नाही. आदल्या दिवशी मंडईतून भोपळे, ऊस, कणसं विकत आणायची आणि वेदीपुढे मांडून पिकाबद्दल देवाचे आभार मानायचे. मी तिला बोलावलं. ती आली, मागच्या बाकावर बसली. उपासना झाल्यावर बाहेर चहा घेताना मला म्हणाली, "छान बोललात ताई. पण तुमचे देव कोणत्या शिफ्टला असतात हो? मला तर रविवारी ऑफिसात कधी दिसले नाहीत."

मी हसले. तीही हसली. मला ती थट्टा वाटली.

पुढच्या वर्षी कापणीच्या सणाच्या तीन आठवडे आधी तिने मला कँटीनमध्ये गाठलं. मुलीला तिसरं वर्ष लागलं होतं. जावळ काढायचं ठरलं होतं. भाऊ लष्करात होता, त्याला रजा मोठ्या मुश्किलीने मिळालेली, आणि जावळाला मामाची मांडी लागते. भटजींनी काढून दिलेला दिवस रविवारचाच होता.

"कोणता रविवार?" मी विचारलं.

तिने सांगितला. कापणीच्या सणाचाच.

"अगं, त्या दिवशी सण आहे आमचा. सगळी मंडळी असते. मी पेटीवर असते."

"एकच रविवार ताई. इतक्यांदा मी केलं नं. तुमचा देव समजून घेईल नं एक?"

तिथे मी हो म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी तिला समजावलं. आवाज खाली आणून, हळुवारपणे, अगदी साक्षीतल्यासारखं समजावलं. म्हणाले, "प्रश्न देवाच्या समजून घेण्याचा नाही गं. मी त्याला शब्द दिलाय. शब्द एकदा मोडला की मोडला."

ती डबा बंद करत म्हणाली, "मी तर कोणाला शब्दसुद्धा दिला नव्हता ताई." आणि उठून जागेवर गेली.

साहेबांनी तिचा रजेचा अर्ज आमच्या दोघींच्या मध्ये टेबलावर ठेवला. "दोघींपैकी एक पाहिजे. कोण, ते मला सांगत बसू नका," म्हणाले. मी स्क्रीनकडे वळले. तिने अर्ज उचलला आणि घडी करून पर्समध्ये टाकला.

त्या रविवारी मी आयुष्यातली सगळ्यात चांगली साक्ष दिली. मोहाचा प्रसंग आला होता, असं मी सांगितलं. जवळच्या मैत्रिणीच्या तोंडून मोह आला, पण प्रभूने बळ दिलं आणि मी ढळले नाही. लेकराचं जावळ बघू मागणाऱ्या आईला मी वेदीसमोर उभी राहून मोह म्हटलं. पाळकसाहेबांनी डोळे पुसले. भोपळे आणि उसाच्या मोळ्यांमधून चालत मी पेटीकडे गेले आणि शेवटचं गीत वाजवलं. एकही सूर चुकला नाही.

घरी जाताना रिक्षात पप्पांनी विचारलं, "कोण गं ती मैत्रीण?"

"ऑफिसातली."

"काय मागत होती?"

मी सांगितलं. घोरपडीचं रेल्वे फाटक लागलं होतं, रिक्षा थांबली. झटक्यापासून पप्पांची जीभ जड झाली होती, वाक्य जुळवायला वेळ लागायचा. फाटक उघडल्यावर म्हणाले, "मी हॉस्पिटलात होतो, तेव्हा सहा रविवार पेटी बंद होती. मंडळी नुसती गायली. चांगली गायली म्हणे."

मला संताप आला. "तुमच्यासाठी तर शब्द दिला मी! तुम्ही वाचावं म्हणून!"

"मला विचारलं होतंस?" पप्पा म्हणाले आणि बाहेर बघायला लागले.

पंधरा दिवसांनी तिच्या मॉनिटरला एक फोटो चिकटलेला दिसला. मामाच्या मांडीवर भोकाड पसरलेली पोर, अर्धं डोकं भादरलेलं, शेजारी आजी. मी म्हटलं, "किती गोड आहे गं." ती म्हणाली, "थँक्यू मॅडम." त्यानंतर तिने मला ताई कधीच म्हटलं नाही. दोन महिन्यांत तिने नोकरी सोडली. कुठे जातेस, हे मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

मग रविवार माझ्या वाट्याला आला. मी नाही म्हणाले. साहेबांनी मला त्या कामावरून काढलं आणि माहितीपुस्तिका तपासायला बसवलं. माझ्या बरोबरीचे अमेरिकेला जाऊन आले, हिंजवडीत केबिनमध्ये बसले. मी स्वल्पविराम शोधत राहिले. याचीही मी साक्ष दिली. छळ सोसला, पण शब्द पाळला. खरंच पाळला. पप्पा त्यानंतर अकरा वर्षं जगले आणि त्यांच्या मातीच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता, तेव्हाही मी पेटीवर होते. देवाने माझं मागणं पुरेपूर दिलं, त्याच्याकडून कसर नाही. कसर माझ्याकडून झाली, आणि ती माझ्या शब्दातच होती; त्याची किंमत मी दुसरीकडून घेतली.

आता मी पुण्याच्या कडेला, मांजरी गावात राहते. आजूबाजूला उसाची शेतं होती, तिथे बिल्डिंगी झाल्या. चर्चला यायला दोन बस बदलाव्या लागतात. मागच्या वर्षी उपासनेनंतर चहा आणि खारीबरोबर एक छोटी सभा झाली. तरुण पाळकांनी सांगितलं की आयटीतल्या मुलांची संख्या वाढली आहे, परप्रांतातली कुटुंबं आहेत, त्यांना इंग्रजी उपासना हवी. तेव्हा रविवारी नवाला इंग्रजी, आणि मराठी शनिवारी संध्याकाळी. इंग्रजीला कीबोर्ड आणि गिटारची पोरं आहेत. हात वर झाले. खारी संपायच्या आत रविवार गेला.

मी पाळकांना बाजूला घेतलं. "मी रविवारचा शब्द दिलाय," म्हणाले. "शनिवारचा नाही."

ते चांगले आहेत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रेमाने म्हणाले, "काकू, देव समजून घेईल."

या वाक्याला काय उत्तर द्यायचं ते मला एके काळी पाठ होतं. पाळक पुढच्या माणसाशी बोलायला गेले.

शनिवारी मी जाते, पेटी वाजवते. साक्ष देत नाही. कुणी आग्रह केला तर घसा बसलाय म्हणते. तिला शोधायचा प्रयत्न मी केला. जुन्या ऑफिसातल्या दोघांना विचारलं, त्यांना तिचं आडनावही आठवेना. तिची मुलगी आता नोकरीला लागली असेल. कदाचित याच शहरात असेल, रविवारी सकाळी कुठल्यातरी स्क्रीनसमोर बसत असेल.

माझे आता सगळे रविवार मोकळे आहेत. तिला एकच हवा होता.