ही बाटली विसळायची नाही

जमुनाबाई सफाई कामगार नव्हती.

मागच्या वर्षी आजच्याच दिवशी ती गेली. ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज आला, ‘आपल्या कार्यालयातील सफाई कामगार यांचे दुःखद निधन.’ खाली हात जोडलेले पन्नास इमोजी.

मी दुरुस्ती केली नाही. आज करते.

जमुनाबाई आमच्या नंदुरबारच्या लॅबमध्ये पिण्याच्या पाण्याचे नमुने आणायची, आणि तपासायचीही. कंत्राटी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीच्या यादीत मात्र ती शेवटपर्यंत ‘सफाई कामगार’ राहिली, कारण त्या पदाचा दर सगळ्यात कमी.

मी या लॅबमध्ये आले तेव्हा सगळे कायम नोकरीतले होते, आणि माझ्याशिवाय सगळे पुरुष. एकेक जण रिटायर झाला. खुर्च्या भरल्या गेल्या नाहीत. काम थोडंच थांबतं? ते बायांनी उचललं, कंत्राटावर.

काम तेच. पगार विचारू नका.

जमुनाबाई प्रकाशा गावाजवळच्या खेड्यातली. शिक्षण दहावी. पहिल्याच दिवशी तिने निर्जंतुक केलेल्या सगळ्या बाटल्या नळाखाली विसळून ओळीत पालथ्या घातल्या.

मी ओरडले, “अगं, सगळं वाया घालवलंस!”

ती शांतपणे म्हणाली, “मॅडम, आम्हना घर पाव्हनाले इसळाबिगर पानी देतस नही.”

तिचं खरंच होतं. भांडं विसळल्याशिवाय आपल्याकडे कोण कोणाला पाणी देतं?

मग मी तिला समजावलं. जंतूंच्या तपासणीच्या बाटलीत चिमूटभर औषध असतं. पाण्यातल्या ब्लीचिंग पावडरचं काम ते तिथल्या तिथे थांबवतं. बाटली विसळली की औषध गेलं. मग पावडर वाटभर बाटलीतले जंतू मारत राहते. लॅबमध्ये पाणी चांगलं दिसतं, आणि गावात लोक तेच वाईट पाणी पीत राहतात.

तिने एकदाच ऐकलं. पुढे गावोगावच्या बायांच्या ट्रेनिंगमध्ये हा भाग तीच शिकवायला लागली. माझ्या तासाला बाया जांभया द्यायच्या. तिच्या तासाला हसायच्या, आणि लक्षात ठेवायच्या.

“ही बाटली पाव्हनी नही, बाई. ही साक्षीदार शे. साक्षीदारले धवानं नही, पढावानं नही. जशी शे तशी कोर्टात उभी करानी.”

आता तोरणमाळच्या पायथ्याच्या एका पाड्याची गोष्ट.

तिथे जुलाबाची साथ होती. नवे केमिस्ट सर नमुना घेऊन आले. एम.एस्सी., तेही कंत्राटीच. रिपोर्ट आला, ‘पिण्यास योग्य’. मी सहीसाठी पेन उघडलं.

जमुनाबाईने कागदावर चक्क हात ठेवला.

“सही नका करू, मॅडम. पाड्यात अजून जुलाब चालू शेतस.”

मग ती सरांकडे वळली. “सर, बाटली इसळी का?”

“हो मग! दोनदा. मी काय घाण बाटलीत पाणी घेईन?”

“बरं झायं. दोनदा इसळी म्हनजे साक्षीदार पुरा फुटना.”

सर आधी लाल झाले, मग हसले. “जमुनाबाई, तुमच्या ट्रेनिंगला मला पहिल्या बाकावर बसवा.”

दुसऱ्या दिवशी सरांना शहाद्याला मीटिंग होती. जमुनाबाई एकटी जीपने गेली. तिने आणलेलं पाणी अयोग्य निघालं. विहीर बंद झाली. आठवड्यात जुलाब थांबले.

रिपोर्टवर एक रकाना असतो, ‘नमुना घेणाऱ्याचे नाव व पदनाम’. तिथे मी सरांचं नाव लिहिलं. ‘सफाई कामगार’ लिहिलं असतं तर रिपोर्ट परत आला असता. असं मी आधीही करत होते, नंतरही केलं.

तिने वाचलं. “मॅडम, त्या दिन सर ते शहाद्याले व्हतात.”

“जमुना, कागदाला चालत नाही गं.”

“पानीले चालनं ना? मंग झायं.”

एवढं बोलून ती बाटल्या निर्जंतुक करायच्या भट्टीत लावायला गेली.

वर्षभर हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. तिला मी शिकवलं, ही बाटली विसळायची नाही. आणि तिचं नाव मीच रकान्यातून धुऊन काढत राहिले. एकदा नाही, अनेकदा. दर वर्षी एजन्सीच्या यादीवर ‘पदनाम बरोबर आहे’ अशी सहीसुद्धा माझीच.

आता तिच्या जागी रेश्मा आहे. बी.एस्सी. झालेली, नंदुरबारचीच. नमुने आणते, तपासते, रिपोर्ट लिहिते. नव्या यादीत तिच्या नावापुढे काय आहे, ओळखा.

सफाई कामगार.

रेश्मा म्हणाली, “राहू द्या मॅडम, निदान नोकरी तरी आहे.”

मी म्हटलं, “नाही राहू देणार.”

आज दुपारी ती यादी मी सही न करता परत पाठवली. रेश्माचं काम ज्या पदाचं आहे त्या पदाचं नाव आणि त्या पदाचा पगार, दोन्ही लेखी मागितले. सोबत जमुनाबाईने आणलेल्या नमुन्यांची यादीही जोडली. ते रिपोर्ट मी दुसऱ्यांच्या नावावर लिहिले, हे माझ्या सहीने कबूल केलं.

वरिष्ठांचा लगेच फोन. “मॅडम, चार महिन्यांनी रिटायर होताय. चौकशी लागली तर? कशाला वाकड्यात शिरता?”

“लागू द्या,” म्हटलं. “मी साक्षीदार आहे.”

ग्रुपवरच्या मंडळींनी हे वाचून पुन्हा हात जोडू नयेत. रेश्माचं काम ज्यांनी पाहिलंय, त्यांनी तसं लिहून द्यावं. सही करून.

जमुनाबाई, या वेळी काहीही विसळलेलं नाही. जसं होतं तसं दिलंय.

जमुनाबाई, नमुना घेणारी. तुला माझा नमस्कार.